ड्युटी फ्रीची बाटली आणि हातभट्टीची बेडी

या देशात दारूचे दोन कायदे आहेत. एक विमानातून उतरणाऱ्यासाठी आणि दुसरा एसटीतून उतरणाऱ्यासाठी. विमानातून उतरणाऱ्याला सरकार म्हणते, साहेब, दोन लिटरपर्यंत आणा, आम्ही काही विचारणार नाही. एसटीतून उतरणाऱ्याच्या पिशवीत दोन लिटरचा फुगा सापडला, तर त्याची कॉलर धरून त्याला ठाण्यात नेले जाते. दोघांच्याही पिशवीत दारूच असते. फरक असतो तो पिशवी धरणाऱ्या हातात!

हे आम्ही रागाच्या भरात लिहीत नाही. नियम काढून बघा. परदेशातून भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते. व्हिस्की असो, वाइन असो की बीअर, सगळी मिळून दोन लिटर. सिगारेटी शंभर. ही दारू विमानात बसण्यापूर्वी घेतलेली असली तरी चालते, किंवा आपल्याकडे उतरल्यावर, सामानाच्या पट्ट्याजवळच्या ड्युटी फ्री दुकानातून घेतली तरी चालते. दोन लिटरच्या आत असाल तर हिरव्या वाटेने चालू लागायचे. जास्त असेल तर लाल वाटेने जाऊन कस्टम अधिकाऱ्यापुढे जाहीर करायचे आणि शुल्क भरायचे. जाहीर न करता हिरव्या वाटेने निघालात आणि पकडले गेलात, तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे माल जप्त होऊ शकतो, वर दंडही बसतो. पण त्यातही एक सोय आहे. आणलेली पण शुल्क न भरायची वस्तू खरेपणाने जाहीर केली असेल, तर ती कस्टमकडे ठेवून परत जाताना घेऊन जाण्याची मुभा याच कायद्यात आहे. किती समजूतदार कायदा! प्रवाशावर विश्वास ठेवणारा, त्याला मार्ग दाखवणारा, चूक झाली तर आधी पावती फाडणारा.

ही ड्युटी फ्रीची कल्पना आली कुठून, तेही सांगितले पाहिजे. १९४७ साली आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर जगातले पहिले विमानतळावरचे ड्युटी फ्री दुकान उघडले. त्या काळी अटलांटिक ओलांडणारी विमाने इंधनासाठी तिथे उतरत. प्रवासी देशाच्या सीमेवर उभा आहे, धड आत नाही आणि धड बाहेर नाही, मग त्याच्यावर या देशाचा कर कशाला, असा त्यामागचा साधा तर्क होता. पुढे सगळ्या जगाने तो उचलला. दुबईत १९८३ साली असे दुकान सुरू झाले आणि आखातातून येणाऱ्या आपल्या लोकांच्या हातात त्या पिशव्या दिसू लागल्या. तर्क चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या क्षणी ती बाटली कस्टमच्या दारातून बाहेर येऊन टॅक्सीत बसते, त्या क्षणी ती 'सीमेवर' राहत नाही. ती महाराष्ट्रात येते. आणि महाराष्ट्रात वेगळाच कायदा आहे.

तो कायदा म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आताचे त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. होय, महाराष्ट्रात दुकानोदुकानी दारू मिळते आणि तरीही कायद्याचे नाव दारूबंदी कायदाच आहे! या कायद्याप्रमाणे दारू बनवणे, बाळगणे, नेणे आणि पिणे हे सगळे मुळात निषिद्ध. परवाना असेल तर मोकळीक. म्हणजे कस्टमने सोडलेली स्कॉच घरी नेऊन ज्याने कपाटात ठेवली आणि ज्याच्याकडे पिण्याचा परवाना नाही, तोही कागदावर गुन्हेगारच ठरतो. आम्ही वाचकांना विचारतो, अशा किती दिवाणखान्यांची झडती पोलिसांनी घेतली? किती साहेबांना परवाना दाखवा म्हणून हटकले? उलट तालुक्याच्या वर्तमानपत्रात दर आठवड्याला बातमी असते ती 'हातभट्टीवर छापा, रसायन नष्ट, महिलेवर गुन्हा' अशी. ती महिला कोण असते? पालावर राहणारी, वस्तीत राहणारी, नवरा गेलेली, शेत नसलेली. तिचे पूर्ण नाव बातमीत असते. आडनाव वाचले की जात कळते.

आमच्या काही सुशिक्षित बांधवांना हा जुना विषय वाटेल. पण सीमेवरची बाटली आणि घरातला कायदा यांचा झगडा आपल्या प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. फ्रॅम नसरवानजी बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ याच कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले होते. त्यांची मागणी काय होती? व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बीअर आणि यूडीकोलनसुद्धा वापरण्याचा, आणि विदेशी मद्य सीमाशुल्काच्या हद्दीतून आणण्या-नेण्याचा आपला हक्क मान्य करावा. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी न्यायालयाने उडवली. दारूबंदीचा मुख्य गाभा मात्र कायम ठेवला. आणि सैन्याच्या मेस व कॅन्टीनला दिलेली सवलत हे वाजवी वर्गीकरण आहे असे ठरवले. कायद्यापुढे सगळे समान, पण वाजवी कारण असेल तर वर्ग पाडता येतात. आता आम्ही विचारतो, विमानाने येणारा आणि पायी येणारा हे कोणत्या वाजवी कारणाने पाडलेले वर्ग? हा प्रश्न न्यायालयाने निकालात काढलेला नाही, कारण तो विचारायला पायी येणाऱ्याकडे वकिलाची फी नव्हती.

गुजरातकडे बघा. १९६० पासून तिथे दारूबंदी. गांधीजींचे नाव घेऊन ती चालवली जाते. २००९ साली अहमदाबादेत आणि २०२२ साली बोटाद भागात विषारी दारूने गरिबांची प्रेते रांगेने पडली, तेव्हा सरकारने दारूबंदी ढिली केली नाही, आणखी कडक करण्याची भाषा केली. पण डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत, जिथे परदेशी कंपन्या आणि बँका यायच्या आहेत, तिथे हॉटेल-क्लबात दारू पिण्याची अधिकृत मुभा मिळाली. म्हणजे गांधीजींचे तत्त्व काचेच्या इमारतीच्या दाराशी थांबते. मजुराच्या झोपडीत मात्र ते दार मोडून शिरते.

बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आली. तिथल्या तुरुंगात कोण भरले? ज्यांना जामीन द्यायला कोणी नाही ते. पाटणा उच्च न्यायालयानेच २०२४ मध्ये म्हटले की या कायद्याचा बडगा गरिबांवर पडतो आणि पोलिसांसाठी तो कमाईचे साधन झाला आहे. आमच्या वाचकांनी बिहारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बोधगयेला जाणारे पुष्कळ लोक आता बँकॉक, कोलंबोहून थेट गयेच्या विमानतळावर उतरतात. दोन लिटरचा कस्टमचा नियम तिथे तुम्हाला वाचवणार नाही. कस्टम केंद्राचे, दारूबंदी राज्याची. कस्टमने सोडलेली बाटली दाराबाहेर राज्याच्या पोलिसांना सापडली तर तो गुन्हाच. आपल्याकडे नागपूरला उतरून वर्ध्याला किंवा गडचिरोलीला जाणाऱ्यालाही हेच लागू. ते दोन्ही जिल्हे दारूबंदीचे आहेत. विमानतळावरची पावती तिथे कामाला येत नाही.

आता कराचा हिशेब मांडू. विलायती व्हिस्कीवर केंद्राचे आयातशुल्क वर्षानुवर्षे १५० टक्के होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या बर्बनवरचे ते १०० टक्क्यांवर आणले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, त्यात स्कॉचवरचे शुल्क आधी ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्के करण्याचे कबूल केले. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आयात स्कॉचवरचे राज्य उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्के केले. अर्धे! आणि जून २०२५ मध्ये महसूल वाढवायची वेळ आली तेव्हा देशी दारूवरचे शुल्क प्रूफ लिटरला १८० रुपयांवरून २०५ रुपये केले. त्याच निर्णयात भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचे शुल्कही वाढले आणि देशीपेक्षा जास्त वाढले, हे आम्ही लपवत नाही. पण दिशा बघा. जी बाटली बोटीतून किंवा विमानातून येते तिचा कर उतरत चालला आहे. जी बाटली मजूर संध्याकाळी गुत्त्यावर रिचवतो तिचा चढत चालला आहे. शुल्कमुक्त दोन लिटर हा तर या उताराचा शेवटचा टप्पा. तिथे कर शून्य!

२०२० च्या अर्थसंकल्पापूर्वी ही दोन लिटरची मर्यादा एका लिटरवर आणावी अशी वाणिज्य मंत्रालयाची सूचना असल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. विमानतळवाल्यांनी विरोध केला. मर्यादा होती तिथेच राहिली. एक लिटर विलायती दारू वाचवायला एवढी माणसे धावली. पालावरच्या बाईचे रसायन ओतले जाते तेव्हा तिच्यासाठी कोण धावते?

आणि रसायन ओतल्याने दारू संपते का? संपत नाही, ती आणखी काळ्या हातांत जाते. घरची मोहाची किंवा गुळाची दारू पोलिसांनी बंद केली, की तिच्या जागी कारखान्यातले मिथेनॉल येते. ते स्वस्त असते, थोडक्यात कडकपणा आणते. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते. आधी डोळे जातात, मग माणूस जातो. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक माणसे गेली. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून अधिक गेली. ही सगळी माणसे मोलमजुरी करणारी होती. ड्युटी फ्रीच्या बाटलीने कोणाचे डोळे गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तिच्यावर सील असते, लेबल असते, विमानाने उडणाऱ्याच्या जिवाला किंमत असते.

मोहाच्या फुलाची कथा तर या सगळ्याच्या वरताण आहे. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू ठेकेदाराच्या हाती दिली. १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहाचा खास कायदा केला, ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींना झाडाखाली पडलेली फुले गोळा करून ठेवायला बंदी घातली. इंग्रज गेले, बंधने राहिली. महाराष्ट्रात मोहफुलांच्या साठवणुकीवरची आणि वाहतुकीवरची बंधने उठली ती २०२१ साली! ज्या देशात परदेशी बाटली शुल्काशिवाय घरी नेता येत होती, त्या देशात आदिवासीला आपल्याच रानातले फूल घरी ठेवायला भीती वाटत होती. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये दारूबंदीच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या वतीने विरोध नोंदवला होता आणि आपल्या कोल्हापूरचे बाळासाहेब खर्डेकरही त्या कलमाच्या विरोधात उभे राहिले होते. कलम ४७ तरीही आले. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. मार्गदर्शन कोणाला झाले आणि मार कोणाला बसला, ते आपण पाहतोच आहोत.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही बौद्ध, पंचशील घेणारे, तुम्ही दारूची वकिली करता? आम्ही दारूची वकिली करत नाही. आम्ही न्यायाची वकिली करतो. बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करा अशी स्पष्ट मागणी केली होती. विकासाला पैसा कुठून आणायचा या प्रश्नाच्या उत्तरातच ती होती. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांना बाबासाहेब कळले नाहीत. सरकारने काठीने दारू सोडवायची नाही, ते तिजोरीचे नुकसान आणि गरिबाचा छळ. माणसाने स्वाभिमानाने दारू सोडायची, ती त्याची मुक्ती. काठीने सोडलेली दारू काठी गेली की परत येते. प्रतिज्ञेने सोडलेली दारू घराची तीन पिढ्यांची दिशा बदलते. आमच्या वस्त्यांमधल्या आयाबायांनी हे करून दाखवले आहे. गावातले दुकान मतदानाने बंद पाडणाऱ्या 'आडव्या बाटली'च्या रांगेत उभ्या राहिल्या त्याही याच बायका.

म्हणूनच आता आम्हाला आपल्या माणसांशी दोन शब्द बोलायचे आहेत. बांधवांनो, राग मानू नका. आरक्षणाने, शिष्यवृत्तीने, बापाच्या घामाने आपली मुले परदेशात गेली. अभिमान वाटतो. पण ती परत येतात तेव्हा नातेवाईक काय विचारतात? 'दोन बाटल्या आणल्यास का?' अधिकारी झालेला भाऊ वरच्या साहेबाला खूष करायला ड्युटी फ्रीची बाटली शोधतो. त्याहून वाईट गोष्ट सांगू का? थायलंड-श्रीलंकेच्या धम्मसहली आता गावोगाव निघतात. विहारांना वंदन करायचे, बोधिवृक्षापुढे डोळे मिटायचे आणि परतीच्या विमानतळावर दोन लिटरचा हक्क वाजवून घ्यायचा! ज्या थायलंडात आपण जातो, तिथे वैशाखी पौर्णिमेसारख्या दिवशी दारूविक्रीवर बंदी असते. मात्र आंतरराष्ट्रीय विमानतळाला त्यातूनही सूट! म्हणजे शीलाला सुट्टी देण्याची जागा जगभर एकच ठरलेली दिसते. कायद्याने जे करता येते ते सगळे केलेच पाहिजे असे नाही. दोन लिटर ही सरकारने दिलेली मर्यादा आहे. पाचवे शील ही आपण स्वतः घेतलेली मर्यादा आहे. पहिली मोडली तर दंड बसतो. दुसरी मोडली तर पावती कोणी फाडत नाही, म्हणूनच ती मोठी आहे.

आखातात कामाला गेलेल्या आपल्या तरुणांसाठी एक वेगळा इशारा. सुट्टीवर येताना मुकादम, एजंट, शेजारी कोणीही सांगतो, 'तुझ्या नावावर दोन बाटल्या घे, पैसे देतो.' कोणी विमानतळावरच येऊन पासपोर्ट मागतो. देऊ नका. ही सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या खऱ्याखुऱ्या सामानासाठी आहे, धंद्यासाठी नाही. पावतीवर नाव तुमचे, पासपोर्ट क्रमांक तुमचा, उद्या चौकशी झाली तर उत्तर तुम्हाला द्यायचे आहे. बाटलीच्या नावाखाली दिलेल्या बंद पाकिटात दुसरे काय आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते. सौदी आणि कुवेतमधून जाणाऱ्या-येणाऱ्याने तर बाटलीला हातही लावू नये. मुंबईत उतरून पुढे नागपूर-औरंगाबादचे विमान पकडणाऱ्याने हातातल्या पिशवीत बाटली ठेवली, तर पुढच्या तपासणीत ती अडकू शकते. हे सगळे माहीत असलेला साहेब सुटतो. माहीत नसलेला मजूर रडतो.

आमची मागणी साधी आहे. विमानतळावर सरकार जे शहाणपण दाखवते, ते गावकुसाबाहेरही दाखवावे. स्वतःपुरते बाळगणे आणि धंदा करणे यांत कस्टमचा कायदा फरक करतो, तसाच फरक दारूबंदी कायद्याने करावा. स्वतःपुरत्या दारूसाठी कोणालाही बेडी नको. महाराष्ट्रात १९८१ चा एक कायदा आहे, त्यात झोपडपट्टीदादांच्या जोडीला हातभट्टीवाल्यालाही खटल्याविना वर्षभर डांबता येते. त्याचा वापर मिथेनॉल पुरवणाऱ्या ठेकेदारावर करा, चार डबे विकणाऱ्या विधवेवर नको. आदिवासी भागात १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांबाबतचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तो कागदावरून गावात उतरवा. ज्या वस्त्यांची पोटे भट्टीवर आहेत त्यांना दुसरे काम द्या, मग भट्टी विझवायला सांगा. आणि शुल्कमुक्त दुकानांतून सरकारने जो कर सोडला आहे, तेवढ्याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळात मांडा. गरिबाच्या गुत्त्याचा हिशेब मांडता ना?

सामानाचा विषय निघालाच आहे म्हणून एक आठवण करून देतो. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत आले तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराने बुडवली. त्या सामानात पुस्तके होती. नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले, बोटीबरोबर बुडालेली पुस्तके परत आली नाहीत. परदेशातून परतताना आपल्या बापाच्या पेटीत काय होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने आपली बॅग भरताना दोन लिटरच्या जागेचा विचार करावा. कस्टमवाला पुस्तकांवर लिटर मोजत नाही.